‘मी देह नाही’ हे कोणी कोणाला सांगावे?

भाषांतराची सेवा करताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. वाक्याचा अर्थ शब्दांत असतो, तसाच तो ते वाक्य कोणाच्या तोंडी आहे यातही असतो. ‘मी देह नाही’ हे वाक्य हिंदीतून आणि इंग्रजीतून मराठीत आणण्याची वेळ गेल्या दोन वर्षांत माझ्यावर कितीतरी वेळा आली. प्रवचन कोणतेही असो, कर्ता बहुधा ‘मी’च असतो. ‘मी’च्या जागी ‘तुम्ही’ घालणे व्याकरणाच्या दृष्टीने किरकोळ काम आहे. क्रियापद बदलले की झाले. पण आजारी माणसाच्या उशाशी बसून आपण हा बदल करतो, तेव्हा तत्त्वज्ञान तेच राहते का?

हा प्रश्न मला आमच्या सत्संगात पडला. गुरुग्राममध्ये नोकरीच्या निमित्ताने आलेली आम्ही काही मराठी कुटुंबे दर रविवारी एकत्र बसतो. मागच्या वर्षी आमच्यातल्या एका ताईंना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. (त्यांना विचारूनच हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे काही लिहिणार नाही, असे त्यांना सांगितले आहे.) वय चाळिशीचे, गाठ एकाच बाजूला, लवकर लक्षात आलेली. डॉक्टरांनी त्यांच्यापुढे तीन वाटा ठेवल्या. फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन घ्यायचे, तो एक स्तन पूर्ण काढायचा, किंवा दुसरा निरोगी असला तरी दोन्ही काढून टाकायचे. तिसरी वाट डॉक्टरांनी सुचवली नव्हती. ताईंनी स्वतः विचारली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते की तुमची तशी इच्छा असेल तर त्यावर बोलता येईल, घाई नाही, दोन आठवडे विचार करा.

त्या दोन आठवड्यांत आम्ही सगळ्यांनी त्यांना पुष्कळ ज्ञान दिले. एका काकूंनी त्यांचा हात हातात घेऊन अगदी मायेने सांगितले, “ताई, तुम्ही म्हणजे हा देह थोडाच आहे? दोन्ही काढून टाका आणि मोकळ्या व्हा. मुलं लहान आहेत.” त्याच आठवड्यात एका ज्येष्ठ साधकांचा फोन आला, “आपण देह नाही हे इतकी वर्षं ऐकतो आहोत. मग देहासाठी एवढी चिरफाड कशाला? डॉक्टर सांगतील तेवढं किमान करा आणि नामस्मरण वाढवा.” दोघांचाही हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. ताई मला नंतर म्हणाल्या, “एकाच वाक्याने मला दोन्हीकडून ढकललं गं. आणि मला काय वाटतं, ते दोघांनीही विचारलं नाही.”

एकाच सिद्धान्तातून दोन उलट सल्ले निघत असतील, तर तो सल्ला सिद्धान्तातून निघालेलाच नसतो. तो सांगणाऱ्याच्या मनात आधीच असतो. काकूंच्या मनात लहान मुलांची काळजी होती, त्या काकांच्या मनात शस्त्रक्रियेची धास्ती. सिद्धान्त फक्त वर शिक्का मारायला आला.

इथे कोणी म्हणेल, उपनिषदात आरुणी श्वेतकेतूला ‘तू’ म्हणूनच तर सांगतात आणि श्रीकृष्णही अर्जुनाला ‘तू’ म्हणूनच उपदेश करतात. बरोबर आहे. पण श्वेतकेतू वडिलांना पुन्हा पुन्हा ‘मला आणखी समजावून सांगा’ असे विनवतो आणि अर्जुन ‘मी तुझा शिष्य आहे’ असे म्हणून शरण येतो, तेव्हा तो उपदेश सुरू होतो. ऐकणाऱ्याने दार उघडलेले असते. शिवाय ‘तू कोण आहेस’ हे सांगणे वेगळे आणि ‘म्हणून आता या अवयवाचे असे कर’ हे सांगणे वेगळे. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला मध्ये कोणताही पूल नाही.

पूल नसला तरी माहिती असते आणि ती वापरली पाहिजे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, डॉक्टर नव्हे. पण ताईंबरोबर बसून जे वाचले ते आकड्यांचे होते आणि आकड्यांची मला थोडी सवय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या विल्यम हॉलस्टेड या शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगासाठी फार मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळेच काढून टाकायचे. जितके जास्त कापू तितका रोग मुळासकट जाईल, ही त्यामागची समजूत होती. पुढे जवळजवळ सत्तर-ऐंशी वर्षे जगभर हीच पद्धत चालली. स्त्रियांचे हात सुजत, खांदे आखडत, पण ‘जीव वाचतो ना’ या एका वाक्यापुढे कोणी काही बोलत नसे. मग इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७० च्या दशकात ही समजूत तपासायला घेतली. काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढून रेडिएशन दिले आणि दोन्ही गटांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. २००२ साली दोन्ही अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लवकर सापडलेल्या कर्करोगात दोन्ही गटांच्या जगण्यात फरक नव्हता.

हे वाचताना मला आपल्याकडच्या एका जुन्या समजुतीची आठवण झाली. तप जितके कठोर तितके फळ मोठे, असे आपणही नकळत धरून चालतो. तीन दिवसांच्या उपासापेक्षा नऊ दिवसांचा मोठा आणि निर्जळी त्याहून मोठा. गीतेच्या सतराव्या अध्यायात मात्र स्वतःला पीडा देऊन हट्टाने केलेल्या तपाची गणना तामस तपात केली आहे. त्यागाची मोजणी किती गमावले यावर होत नाही. शल्यविशारदांना हे कळायला सत्तर-ऐंशी वर्षे आणि हजारो स्त्रिया लागल्या. आपल्याला तर ते आधीपासून लिहून दिलेले होते.

पण त्याच ग्रंथाची दुसरी बाजूही आहे. अठराव्या अध्यायात, शरीराला क्लेश होतील या भीतीने कर्तव्य कर्म सोडणे याला राजस त्याग म्हटले आहे आणि अशा त्यागाचे फळ मिळत नाही असेही सांगितले आहे. ‘देहाचे काय एवढे’ म्हणत जो उपचारच टाळतो, त्याने आपल्या मनात हे वैराग्य आहे की सुईची भीती, ते एकदा तपासावे. गाठ हाताला लागूनही महिनोन्‌महिने कोणाला न सांगणाऱ्या स्त्रिया आपल्या ओळखीत आहेत. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. यातल्या अनेकजणी उशिरा पोहोचतात आणि उशीर झाला की निवडीला जागाच उरत नाही. ताईंपुढे तीन वाटा होत्या, याचे कारण त्या वेळेत गेल्या.

आता दोन्ही स्तन काढण्याबद्दल. हा विषय घराघरात पोहोचला तो अँजेलिना जोली या अभिनेत्रीमुळे. १४ मे २०१३ रोजी तिने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये स्वतःच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिले. आमच्या सत्संगातही तिचे नाव दोनदा निघाले, “तिने नाही का काढले?” म्हणून. पण तिला कर्करोग झालेलाच नव्हता. तिच्यात बीआरसीए १ या जनुकातला दोष होता, तिची आई वयाच्या ५६व्या वर्षी कर्करोगाने गेली होती आणि तिला स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ८७ टक्के आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ज्या स्त्रियांमध्ये हा दोष असतो आणि एका बाजूला कर्करोग होऊन गेलेला असतो, त्यांना वीस वर्षांत दुसऱ्या बाजूला तो होण्याची शक्यता मोठी असते, बीआरसीए १ मध्ये सुमारे ४० टक्के. त्यांच्यासाठी हा निर्णय निराळाच आहे. ताईंची तपासणी झाली. त्यांच्यात हा दोष नव्हता.

असा दोष नसणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांचे काय? २०२४ साली टोरांटोच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. एका बाजूला कर्करोग झालेल्या शंभर जणींपैकी सुमारे सात जणींना वीस वर्षांत दुसऱ्या बाजूलाही झाला. ज्यांनी दोन्ही काढले होते, त्यांच्यात हे प्रमाण अर्थातच अगदी कमी होते. मात्र कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. हे विचित्र वाटते, पण कारण कळण्यासारखे आहे. धोका मुख्यतः पहिल्या गाठीचा असतो. तिच्या पेशी आधीच हाडांकडे, फुप्फुसाकडे निघून गेल्या असतील, तर दुसऱ्या बाजूचा निरोगी स्तन काढून त्या परत येत नाहीत.

आमच्या अभ्यासक्रमात विम्यावर एक प्रकरण आहे. हप्ता भरण्याआधी पॉलिसी नेमका कोणता धोका झाकते ते वाचावे, हा त्यातला पहिला धडा. इथे हप्ता लहान नाही. शस्त्रक्रिया जास्त वेळ चालते, जखमेच्या तक्रारींची शक्यता वाढते, क्वचित त्यामुळे केमो लांबते, आणि छातीवरची स्पर्शाची जाणीव बहुधा कायमची कमी होते. तो हप्ता भरून दुसऱ्या बाजूच्या नव्या गाठीची शक्यता जवळजवळ जाते, आयुष्य मात्र वाढत नाही.

एवढे कळल्यावर उत्तर सोपे आहे असे मला दोन दिवस वाटत होते. आयुष्य वाढत नसेल तर निरोगी अवयव कशाला काढायचा? मी ताईंना तसे म्हणालेसुद्धा. त्या हसल्या. म्हणाल्या, “वर्षातून एकदा मॅमोग्राफीच्या दिवशी पोटात गोळा येणार आहे, तो तुझ्या पोटात नाही यायचा.”

हे मला महत्त्वाचे वाटते. मनाची शांती हे शस्त्रक्रियेचे कारण होऊ शकते का? माझ्या मते होऊ शकते. आपण शांतीसाठी घरे बदलतो, नोकऱ्या सोडतो. मग तिने शांतीसाठी केलेली गोष्टच तेवढी अज्ञान कशी? अट एकच, शांती ‘जगण्याची हमी’ म्हणून विकली जाऊ नये आणि तिनेही ती तशी विकत घेऊ नये. यावर एक गंभीर आक्षेप मात्र आहे आणि तो आपल्यासारख्यांकडूनच येतो: भीतीवर उपाय साधना आहे, सुरी नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. दुसरा स्तन गेल्यावर भीतीही जाईलच असे नाही. ती पाठीच्या दुखण्यात जाऊन बसते, खोकल्यात जाऊन बसते. लेखिका आणि दिग्दर्शिका ताहिरा कश्यप यांनी २०१८ साली आपल्या स्तनाच्या शस्त्रक्रियेबद्दल उघडपणे सांगितले. त्या बौद्ध जपसाधना करतात आणि त्या काळात तिचा आधार वाटला, असेही त्यांनी सांगितले आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनीच कळवले की आजार परतला आहे. साधना आणि शस्त्रक्रिया दोन्ही होऊनही हमी मिळाली नाही. आणि हमी मिळाली नाही म्हणून दोन्हींपैकी काही व्यर्थ गेले असेही म्हणता येत नाही.

‘ही भीती शस्त्रक्रियेने जाईल का’ हा प्रश्न खराच आहे. फक्त तो ‘मी’ने विचारायचा आहे. ताईंनी तो स्वतःला विचारला. मी विचारला असता तर ती परीक्षा झाली असती.

संतांची उदाहरणे देताना आपण हीच गल्लत करतो. रमण महर्षींच्या डाव्या हातावर गाठ आली, ती कर्करोगाची निघाली. डॉक्टरांनी हात काढण्याचे सुचवले, महर्षींनी नकार दिला, आणि १४ एप्रिल १९५० रोजी त्यांनी देह ठेवला. हा प्रसंग आजारी माणसाला सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याच गाठीवर चार वेळा शस्त्रक्रिया झाल्या, रेडियमचे उपचार झाले आणि महर्षींनी ते होऊ दिले, हे त्यातले कमी लोक सांगतात. श्रीरामकृष्णांना घशाचा कर्करोग झाला. भक्तांनी त्यांना कलकत्त्याला आणले, डॉ. महेंद्रलाल सरकार औषध देत, ते घेत, आणि १८८६ साली काशीपूरच्या बागेत ते गेले. दोघांच्याही देहाबद्दलच्या निर्णयात पुष्कळ जणांची मते होती, रडणेही होते. पण महर्षींचा नकार महर्षींचा होता. तो दुसऱ्याच्या हातावर चालवता येत नाही.

आम्ही राहतो ते गाव गुरु द्रोणांचे, म्हणून गुरुग्राम. जवळच खांडसा येथे एकलव्याचे मंदिर आहे. लहानपणापासून आपण एकलव्याच्या अंगठ्याची गोष्ट भक्तीची परमावधी म्हणून ऐकतो, आणि एकलव्याच्या बाजूने ती तशी आहेही. पण देणाऱ्याचा मोठेपणा मागणाऱ्याला उसना घेता येत नाही. एखाद्या स्त्रीने ‘घेऊन टाका’ म्हणून शरीराचा भाग शांतपणे सोडला, तर ती थोरच. तिने तो सोडावा असे भोवतालच्या दहा जणांनी ठरवणे ही गोष्ट वेगळ्या जातीची आहे. आणि तिने तो ठेवावा असे दहा जणांनी ठरवणेही.

घरच्यांचा अधिकार नाही का, असे एका काकांनी विचारले. ती आई आहे, पत्नी आहे, देह तिचा एकटीचा कसा? यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला एक निकाल आहे, समीरा कोहली प्रकरण म्हणून तो ओळखला जातो. दिल्लीतल्या एका दवाखान्यात ४४ वर्षांची एक स्त्री तपासणीसाठी गेली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढले. वैद्यकीय दृष्ट्या ते कदाचित योग्यही असेल. पण न्यायालय म्हणाले, ती सज्ञान होती, तात्पुरती बेशुद्ध होती, तातडीचा प्रसंग नव्हता. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. आईची संमती ही तिची संमती नव्हे. आईपेक्षा जवळचे कोण असते?

संमतीबद्दल आम्ही पहिल्या वर्षी शिकलो ते भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये. त्याच्या सोळाव्या कलमात ‘अनुचित प्रभाव’ येतो. समोरची व्यक्ती आजाराने किंवा शारीरिक-मानसिक क्लेशाने खचलेली असताना तिच्यावरील आपल्या वजनाचा वापर करून तिची संमती मिळवली, तर ती मुक्त संमती मानत नाहीत. वर्गात शिक्षकांनी याचे पहिले उदाहरण दिले ते गुरु-शिष्याचे. १८९० सालचा अलाहाबादचा एक खटला आहे, आध्यात्मिक सल्लागाराने शिष्याकडून मालमत्ता लिहून घेतल्याचा. तेव्हा वर्गात मला थोडा रागच आला होता. आता वाटते, कायद्याने आपल्या क्षेत्राला दिलेला तो मान आहे. आमच्या शब्दाला वजन असते हे त्याने ओळखले आहे. कोणाच्या मिळकतीवर हात ठेवण्याचा आपला विचारही नसतो. पण ‘तुम्ही देह नाही’ हे वाक्य बायोप्सीचा रिपोर्ट हातात असलेल्या बाईला सांगताना आपण तेच वजन वापरत असतो.

ताईंच्या भावाने आग्रह धरला म्हणून त्या मुंबईलाही जाऊन आल्या. गुरुग्राममध्ये एवढी मोठमोठी रुग्णालये आहेत, तरी कर्करोग म्हटला की मराठी माणसाला अजून परळचे टाटाच आठवते. १९४१ पासूनची ती सवय आहे. तिथल्या डॉक्टरांनी तेच तीन पर्याय सांगितले आणि एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता: “पाच वर्षांनी मागे वळून पाहताना तुम्हाला कशाची जास्त हळहळ वाटेल?” ताई म्हणतात, परतीच्या गाडीत कोट्याच्या पुढे त्यांना उत्तर सापडले. काय ते त्यांनी यजमानांना सांगितले आणि डॉक्टरांना.

शस्त्रक्रिया होऊन आता सात महिने झाले. त्या पंधरा दिवसांत सत्संगातल्या घरांनी डबे वाटून घेतले होते. मुलांना शाळेच्या बसपर्यंत कोण सोडणार, ड्रेसिंगच्या दिवशी गाडी कोणाची, ताईंच्या सासूबाईंना आवडते ती कमी तिखटाची आमटी कोण करणार, याचा एक तक्ता मी करून दिला होता; फोनवरून सल्ला देणाऱ्या त्या काकांनी सगळ्यांत जास्त वेळा गाडी काढली. कोणती शस्त्रक्रिया झाली, हे आमच्यापैकी बहुतेकांना अजून माहीत नाही. तक्त्यात तो रकाना नव्हता आणि त्याच्यावाचून कोणाचा डबा चुकला नाही.